सात कड्या जास्त

मित्रांनो, गळ्यात घालायच्या साखळ्या मखमलीच्या डबीत राहतात. मीही एक जुनी साखळी आहे, पण त्या घराण्यातली नाही. गाडीमागे सामानाचा ट्रेलर जोडतात ना, दोन चाकांचा, स्वतःचं इंजिन नसलेला, त्याच्या पुढच्या लोखंडी दांड्याला मला बसवतात. माझं मोकळं टोक गाडीच्या आकड्यात अडकवतात. ट्रेलर ओढायचं काम माझं नाही, ते मधल्या जाड खिळीचं. पण खीळ तुटलीच, तर ट्रेलर उताराला एकटा पळत सुटू नये, म्हणून मी. नऊशे नव्याण्णव दिवस मला काहीच करायचं नसतं आणि हजाराव्या दिवशी सगळं मलाच करायचं असतं.

माझा जन्म एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा घातलेली एक बाई तापलेली सळी वाकवून टोकाला टोक भिडवायची, निळ्या झोताने सांधायची आणि म्हणायची, "चल, पुढची." अशा माझ्या अठरा कड्या झाल्या. मग यंत्राला लावून मला दोन्हीकडून ताणलं. अंग मोडून आलं, पण मी तुटले नाही. आगीतून आले, म्हणून आगीशी माझं वैर नाही आणि तिची मला भीतीही नाही. पुढचं सगळं मी त्यामुळेच शांतपणे सांगू शकते.

मला विकत घेतलं एका मधपाळाने. त्यांची भाची नव्यानेच मालवाहू गाडी चालवू लागली होती. तिला सगळे 'वादळ' म्हणत. चहा उभ्याने, जेवण एका हाताने आणि भांडण गाडी चालू ठेवून, असा तिचा खाक्या.

"मामा, साखळी?" मला हातात तोलत ती म्हणाली. "लोकांचे मामा भाचीला सोन्याची देतात."

"सोन्याची ओढली की तुटते," मामा म्हणाले. "ही घे. तुझ्या घाईला एवढीच पुरेल."

आमचा मुलूख कोरडा. लांबच लांब उघड्या टेकड्या, त्यांच्या कण्यावरून गेलेलं तारेचं कुंपण, आणि कुंपणात एकच फाटक. कुंपणाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. टेकडी मात्र एकच. मामांच्या तीस मधपेट्या अलीकडच्या उतारावर होत्या. वनखात्याचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यायचा आणि पेट्या मांडायच्या. माशांना कुंपण कळत नाही. त्या पलीकडच्या फुलांवर जात आणि संध्याकाळी अलीकडच्या पेटीत परत येत. त्यांना कुणी कागद विचारत नसे.

आम्हाला विचारत. त्या फाटकाचा नियम असा, की माल पलीकडे जाईल, पण गाडी जाणार नाही. म्हणून वादळ चाऱ्याच्या गाठी घेऊन फाटकापर्यंत यायची, खीळ काढायची, मला आकड्यातून सोडवायची. मग पलीकडून एक ट्रॅक्टर उलटा येऊन उभा राहायचा आणि ट्रेलर त्याला जोडला जायचा. संध्याकाळी तोच ट्रेलर पलीकडच्या झऱ्याच्या पाण्याची पिंपं घेऊन परत. एकच ट्रेलर, दोन देशांची दोन वाहनं, आणि दोन्हींना बांधणारी मी.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. पलीकडच्या ट्रॅक्टरांचा आकडा चांगला हातभर उंच. मी पोचेचना.

"वादळताई, तुमची साखळी बुटकी आहे," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"साखळी बरोबर आहे. तुमचा ट्रॅक्टर उंट आहे."

तो हसला. हत्यारांच्या पेटीतून त्याने सात कड्यांचा एक तुकडा काढला आणि माझ्या टोकाला जोडून दिला. त्या सात कड्या माझ्याहून थोड्या काळ्या आणि थोड्या जाड होत्या. अशी मी पंचवीस कड्यांची झाले. त्या रस्त्यावरच्या सगळ्याच ट्रेलरांच्या साखळ्या अशाच होत्या, थोड्या इकडच्या, थोड्या तिकडच्या.

पण पलीकडे बरोबर बसणारी साखळी अलीकडच्या बुटक्या गाडीला लांब पडते, झोळीसारखी खाली लोंबते. त्यावर उपाय सोपा होता. परत येताना मला दांड्याभोवती दोन वेढे घालायचे आणि मग आकड्यात अडकवायचं. वीस आकडे मोजेपर्यंत काम होतं. वादळला वीस आकडेसुद्धा मोजायचा धीर नाही, हे मामांना ठाऊक. म्हणून त्यांनी तिला दोन ओळी बांधून दिल्या होत्या:

पहिला गं वेढा घाल, मातीला नको शिवू,
दुसरा गं वेढा घाल, वाऱ्याला नको भिऊ.

गाणं संपलं की वेढे पुरे. तीन वर्षं ती ते गुणगुणत मला गुंडाळत असे.

त्या तीन वर्षांतच माझा हजारावा दिवस आला. फाटकाच्या उतारावर खीळ मोडली. वर बारा पिंपं पाणी, खाली वळण. सगळा भार एका हिसक्यात माझ्यावर आला. गाडी थांबेपर्यंत मी धरून ठेवलं. वादळ खाली उतरली, माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि म्हणाली, "वाचवलंस गं बाई." मामांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. प्रत्येक वेळी उतार थोडा अधिक तीव्र व्हायचा आणि पिंपं दोन वाढायची.

मित्रांनो, कौतुक झालेल्या वस्तूकडे माणसं हळूहळू बघायची बंद होतात. ती आहेच, ती धरेलच, असं वाटू लागतं. आधी गाणं गेलं, मग दुसरा वेढा गेला, मग पहिला. उद्या फाटकावर पुन्हा सोडायचीच आहे, मग आज गुंडाळायची कशाला? एकटी वादळच नव्हे, सगळेच असं म्हणू लागले. एखादा नवा चालक वाकून वेढे घालू लागला, की फाटकावरचा हवालदार ओरडायचा, "काय रे, ट्रेलरची वेणी घालतोस काय?" आणि रांगेतल्या सगळ्या गाड्या हसायच्या. थट्टेपेक्षा लोंबणारी साखळी बरी, असं तो नवा चालक ठरवायचा.

मग मी रस्त्याला घासू लागले. डांबरावर खडी वर आलेली असली की माझ्या खालच्या कड्यांतून ठिणग्या उडत. मागच्या गाडीतली मुलं टाळ्या पिटून म्हणत, "बघा बघा, चांदण्या सांडतायत!" पावसाळ्यात त्या ठिणग्या ओल्या गवतावर पडत आणि विझत. तेव्हा त्यांना चांदण्या म्हणायला काही हरकत नव्हती.

मग एक साल असं आलं, की टेकडीवर पाऊस नावालाच पडला. गवत कमरेएवढं वाढून उभ्याउभ्या वाळलं. पूर्वी रस्त्याच्या कडेचं गवत दोन्हीकडचे लोक कापून नेत. पण त्या वर्षी नवा हुकूम आला, की कुंपणापासून वीस पावलांत कुणी विळा घेऊन फिरकायचं नाही. रस्त्याची कड नेमकी त्या वीस पावलांत. पट्टी दोन्ही देशांच्या नकाशावर होती, पण कापायला कुणाचीच नव्हती.

त्या दुपारी वारा रस्त्याकडून टेकडीवर वाहत होता. ट्रेलर पलीकडून पाण्याची पिंपं घेऊन आला. ते पाणी मामांच्या माशांसाठी होतं. अलीकडचे झरे आटले की माशांनाही पाणी ठेवावं लागतं, आणि दोन दिवस ते पोचलं नव्हतं. वादळ आधीच रागावलेली. फाटकावर पाऊण तास गेला होता.

"ताई, साखळी लोंबतेय," ट्रॅक्टरवाला पलीकडून म्हणाला.

"लोंबू दे. तिकडे मामांच्या माशा तहानेने मरतायत."

गाडी निघाली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, पण मी त्या दुपारी खूप खणखणले. वादळने आवाज ऐकला. ऐकून तिने रेडिओ मोठा केला.

ट्रेलरवर पाणी होतं आणि खाली मी ठिणग्या सांडत चालले होते. कुठली ठिणगी कुठे पडली, ते मला मागे वळून बघता येत नाही. टेकडीच्या पायवाटेशी गाडी थांबली, तेव्हा मामा एक पेटी उघडून उभे होते. हातात त्यांचं धुराडं होतं, म्हणजे माशा शांत करायला धूर सोडतात ते भात्याचं पत्र्याचं भांडं. त्यांनी भाचीकडे बघितलंच नाही. ते तिच्या मागे बघत होते.

"पोरी, मागे बघ. एवढा धूर माझ्या धुराड्याचा नव्हे."

रस्त्याच्या कडेने धूर उठत होता. बघता बघता धुराचे दोन झाले, दोनाचे पाच झाले आणि पाचांचा एक झाला. वाऱ्याने तो वर लोटला. मामा आणि भाची दोघांनी पिंपं कलंडवली, ओल्या पोत्यांनी गवत बडवलं. धुराडं कुठेतरी हातातून पडलं. माशांसाठी आणलेलं सगळं पाणी संपलं, तेव्हा सहा पेट्या उरल्या होत्या. चोवीस पेट्या त्यांच्या माशांसकट गेल्या. वणवा कुंपणातून सहज पार झाला आणि पलीकडे तीन दिवस जळत राहिला. त्यालाही कुणी कागद विचारला नाही.

मग बोटं उठली. अलीकडचे म्हणाले, पलीकडच्यांनी लावली. पलीकडचे म्हणाले, अलीकडच्यांनी लावली. आणि राखेत मामांचं काळं पडलेलं धुराडं सापडलं, तेव्हा दोन्हीकडच्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

"मामा, धुराडं विझवून ठेवायला काय झालं होतं?" अंगणात गाडी धुता धुता वादळ म्हणाली. मी तिथेच लटकत होते. "सकाळी रस्त्याने येताना ते पेटलेलं होतं ना तुमच्या हातात? वय झालं तुमचं, जरा बघून वागा. सगळी टेकडी गेली."

मामा उंबऱ्यावर बसले होते. "धुराड्याच्या तोंडात हिरवं गवत कोंबून विझवतो मी. यंदा हिरवं मिळालं नाही. ओलं फडकं कोंबलं होतं. कोंबलं होतं वाटतं." ते थांबले. "वाटतं म्हणजे, रोजच कोंबतो. त्या दिवशी कोंबलं की नाही, ते आता डोळ्यासमोर येत नाही."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बहुतेक नसेल कोंबलं." तिसऱ्या दिवशी त्यांनी 'बहुतेक'ही सोडून दिलं. मित्रांनो, लोखंडाला गंज चढतो तसा माणसाला आरोप चढतो. आधी डाग पडतो, मग हळूहळू तोच रंग होतो.

वनखात्याने जळिताचा एक तपासनीस पाठवला. वयस्कर, किरकोळ अंगाचा माणूस. तो दोन दिवस मान खाली घालून रस्त्याच्या कडेने चालत होता.

"साहेब, काही हरवलंय का?" हवालदाराने विचारलं.

"हो. कारण."

त्याने कडेचे दगड दाखवले. सगळे रस्त्याच्या बाजूनेच काळे झाले होते, म्हणजे आग रस्त्याकडून वर गेली होती. ती पाच जागी सुरू झाली होती, एका रांगेत, जणू कुणी सुईने टाके घालत गेलं होतं. त्याने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कडेच्या मातीवरून फिरवलं. फडक्यावर लोखंडाचे काळे कण चिकटले. मग त्याने फाटकावर उभ्या ट्रेलरांच्या साखळ्या एकेक करून हातात घेतल्या. माझ्या खालच्या कड्या घासून चपट्या झाल्या होत्या आणि रुप्यासारख्या चमकत होत्या. तशा आणखी सहा जणींच्या होत्या.

वनखात्याचे अधिकारी मात्र मानेनात. "म्हातारा त्याच रस्त्याने पेटलेलं धुराडं घेऊन चालत आला. पाच जागी निखारे सांडले असतील."

"असू शकेल," तपासनीस म्हणाला. "लोखंड आहे एवढं मी सांगेन. ते कुठल्या दिवशीचं, हे लोखंड सांगत नाही. त्या दुपारी तीन ट्रेलर गेले. तिघेही म्हणतात, आमची साखळी गुंडाळलेली होती."

हो, वादळनेही तेच सांगितलं होतं. विचारल्यावर तोंडातून पटकन निघून गेलं. पटकन हीच तिची सवय.

अधिकाऱ्यांनी ठरवलं, की मामांनी चूक कबूल करून सही करावी. प्रकरण मिटेल. पेट्यांचा परवाना मात्र कायमचा जाईल. मामा म्हणाले, "करतो सही. सकाळी येतो."

त्या संध्याकाळी वादळ ट्रेलरखाली वाकली. मला हातात घेऊन तिने चपट्या कड्यांवरून अंगठा फिरवला. मग चाकाला टेकून बसली. गाडी बंद होती. तिला गाडी बंद ठेवून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसरा एक चालक तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "गप्प राहा, वादळ. आमच्याही लोंबत होत्या. तू बोललीस तर सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहतील. मामांचं काय, वय झालंय, आज ना उद्या पेट्या सोडणारच होते."

वादळ अंगठ्याने त्याच कड्या चोळत राहिली.

"अगदीच राहवत नसेल, तर सात कड्या पलीकडच्या आहेत ना? त्यांनी लांब करून दिली म्हण. आपल्याकडचे मान्य करतील. लगेच करतील."

"हो," वादळ म्हणाली. "तीच तर भीती आहे."

सकाळी फाटकाशेजारच्या कचेरीत मामा खुर्चीच्या कडेला बसले होते. समोर कागद, हातात पेन. सही कुठे करायची, ते हवालदार बोटाने दाखवत होता. तेवढ्यात वादळ आली. तिने मला ट्रेलरवरून काढून खांद्यावर टाकलं होतं. तिने मला टेबलावर ठेवलं, कागदाच्या बरोबर वर.

"थांबा मामा."

"अगं, साहेबांचा वेळ..."

"त्या दुपारी मी वेढे घातले नव्हते. साखळी वाजत होती. मी रेडिओ मोठा केला." ती अधिकाऱ्यांकडे वळली. "आधी खोटं सांगितलं. लिहून घ्या. अठरा कड्या आपल्या आहेत, सात पलीकडच्या आहेत, आणि वेढे न घालणारे हात माझे आहेत. ट्रॅक्टरवाल्या दादांनी मला हाक मारून सांगितलं होतं. तेही लिहा."

तपासनीसाने चष्मा पुसला. मामांनी पेनचं टोपण शोधलं, सापडलं, लावलं. मग त्यांनी भाचीकडे बघितलं.

"तीन दिवस मला शिव्या घातल्यास तू."

"हो."

"अंगणात. शेजाऱ्यांदेखत."

"हो मामा."

"परत घे त्या."

"घेतल्या."

"मोठ्याने घे. शेजारी जरा बहिरे आहेत."

ती हसायला गेली आणि रडली. मामांनी तिला रडू दिलं. नंतर हळूच म्हणाले, "कोंबलं होतं हं मी फडकं. आता आठवलं."

वादळचा गाडीचा परवाना एक वर्षासाठी बंद झाला. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन चालक स्वतःहून कचेरीत आले. हवालदार हल्ली वेणीची थट्टा करत नाही. वेढे घातल्याशिवाय तो फाटक उघडत नाही. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून अर्ज दिला आणि त्या वीस पावलांत महिन्यातून दोन दिवस गवत कापायची मुभा मिळवली. टेकडी अजून काळीच आहे. मामांच्या सहा पेट्या तिच्या दुसऱ्या अंगाला मांडल्या आहेत, आणि वादळ पाठीवर पिंप बांधून, पायी, त्यांना पाणी नेते. एका खेपेला तिला सव्वा तास लागतो.

मी मात्र तिथे नाही. मी तपासनीसाच्या कचेरीत एका फळीवर आहे. नव्या चालकांना परवाना मिळण्याआधी तो मला त्यांच्या हातात देतो आणि चपट्या कड्या बोटांनी चाचपायला लावतो. माझ्या टोकाला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर दोन पर्याय छापलेले असतात, 'जप्त केली' आणि 'आणून दिली', आणि नको तो खोडायचा असतो. त्या सकाळी कारकुनाने सवयीने 'आणून दिली' खोडायला घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्याला दुसरं काही खोडायची वेळच आली नव्हती. तपासनीसाने त्याचा हात धरला.

मित्रांनो, वणवे आभाळातून क्वचित पडतात. बहुतेक आपल्याच हातून सांडतात, कुणी घाईत असतं, कुणाला हसतील याची भीती असते, आणि कापायचं गवत दुसऱ्याचं असतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या मागेही काही ना काही घासत येईल. उतरून बघा. आणि तरीही हातून ठिणगी पडलीच, तर कुंपणापलीकडे बोट दाखवू नका, म्हाताऱ्या माणसाच्या सहीची वाट बघू नका. जी काही वस्तू असेल ती खांद्यावर टाका आणि स्वतः आणून द्या.